पाकिटातलं उत्तर

सरांना कुणीही काहीही सांगितलं तरी त्यांचा पुढचा शब्द ठरलेला असायचा. "कशावरून?"

चहा गार झालाय म्हटलं, कशावरून? प्राचार्यांनी बोलावलंय म्हटलं, कशावरून? एकदा त्यांच्या स्कूटरच्या मागच्या चाकात हवा नाही हे सांगायला मी दोन जिने धावत वर गेलो. वर्गाच्या दारात उभे राहून, हातातला खडू तसाच धरून त्यांनी मला विचारलं, कशावरून. मी घाबरून म्हणालो, चाक बसलंय, रिम जमिनीला टेकलीय, बोटानं दाबलं तर टायर आत जातो. सर म्हणाले, "हं. आता ही बातमी झाली. आधी नुसती अफवा होती." आणि वर्गाकडे वळून त्यांनी तास पुरा केला. चाक तसंच.

मी त्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचा धुतो. कंत्राटावर. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, पोरांनी करपवलेल्या बशा. गाव वाशीम जिल्ह्यातलं, शाळा नववीपर्यंत. थोरल्या भावानं, दादानं, मला पुण्यात आणलं. तो आधी आला, विश्रांतवाडीत एक खोली घेतली, वहिनीला आणलं, मग मला. मी स्वभावानं भित्रा. नळी फुटली की कंत्राट गेलं असंच मला वाटतं, आजही. एवढ्या शिकलेल्या माणसांमध्ये नववी नापास माणसानं भिंतीला धरून चालावं, हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

सरांनी मला भिंतीपासून ओढून मध्ये बसवलं. झालं असं की सर पोरांना सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवायचे, ज्याला पोरं 'ऑरगॅनिक' म्हणतात आणि ज्याला निम्मा वर्ग घाबरतो. सर ते खेळातून शिकवायचे. पत्ते, सापशिडी, आणि सगळ्यांत अवघड 'केस'. पण कुठलाही खेळ वर्गात नेण्याआधी तो कुणावर तरी करून बघायला हवा. सहकारी प्राध्यापक हसायचे. मग एक दिवस सर ओट्यापाशी आले आणि म्हणाले, "हात पुसा आणि इकडे बसा. तुम्हाला यातलं काही येतं का?"

"नाही सर. मी नववी..."

"उत्तम. तुम्हाला खेळता आला तर खेळ बरा बनलाय. नाही आला तर चूक माझी."

त्या दिवसापासून ते मला 'परीक्षक' म्हणायला लागले. सगळ्यांसमोर. प्राचार्य उभे असताना म्हणायचे, "थांबा, आमच्या परीक्षकांना विचारून सांगतो." प्राचार्यांना वाटायचं आपली थट्टा चाललीय. मला वाटायचं माझी. दोन्ही चूक होतं, हे कळायला मला वर्ष लागलं. इतक्या मोठ्या माणसानं आपल्याला उगाच मान द्यावा याची मला सवयच नव्हती.

पत्ते ते जुन्या लग्नपत्रिकांचे करायचे. बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात तारीख किंवा नाव चुकलेल्या पत्रिकांचे गठ्ठे पडलेले असत, ते उचलून आणायचे. कापायचं काम माझं. त्यामुळे पुढे अल्कोहोल, मागे 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. खेळ रमीसारखा. अल्कोहोलवर ऑक्सिडीकरणाचा पत्ता टाकला की आल्डिहाइड, त्यावर परत तोच टाकला की आम्ल. हा क्रम मला पहिल्याच दिवशी लागला. सरांनी विचारलं, कशावरून? मी म्हणालो, आमच्याकडं शिंदी काढतात. सकाळी गोड असते, दुपारी चढते, संध्याकाळी आंबट होते, मग कुणी पीत नाही. सर खुर्चीतून उठले. मला वाटलं चुकलं. त्यांनी वही उघडून माझं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात वर्गात सांगितलं, 'परीक्षकांच्या म्हणण्यानुसार.' साठ पोरं ते वहीत लिहीत होती आणि मी मागे नळ सोडून तोंड धूत होतो.

एकदा सर दिवसभर दोन डाव्या चपला घालून हिंडले. एकाच घडणीचे दोन रेणू एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे असतात, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही, हे शिकवायचं होतं. शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या मॅडम म्हणाल्या, "आज घाईत निघालात वाटतं." सर म्हणाले, "नाही, सावकाश निघालो. दोन डाव्या सापडायला वेळ लागतो." संध्याकाळी उजव्या पायाच्या करंगळीला मोठा फोड आला होता. तो त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गाला दाखवला. चुकीचा रेणू औषधात गेला की शरीराचं असं होतं, म्हणाले.

सगळ्यांनाच हे आवडायचं असं नाही. एका मुलाचे वडील, खराडीकडचे, जमीनजुमला असलेले, एकदा प्रयोगशाळेत आले. म्हणाले, "सर, पत्तंच खेळायचं आसंल तर आमच्या गावाच्या पारावर रोज डाव हाय की. हितं फी कशाला भरायची?" सर अगदी आदरानं म्हणाले, "आपल्या पारावर डाव लागला की काय मिळतं?" ते म्हणाले, "शिव्या." सर म्हणाले, "इथे ॲस्पिरिन मिळतं." गृहस्थ हसले, पण तक्रार लिहून गेले. अशा तक्रारींची प्राचार्यांकडे फाईल होती. पोरांना प्रवेश परीक्षेत चार पर्यायांवर गोल भरायचे असतात, त्यांना उत्तर हवं, तेही आधी. आणि सर उत्तर सांगायचे नाहीत.

हा त्यांचा मोठा नियम. उत्तर नेहमी बंद पाकिटात, दर वर्षी नव्यानं डिंकानं चिकटवलेलं, टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलेलं. सगळ्यांची मतं लिहून झाल्याशिवाय फोडायचं नाही. पोरं विनवण्या करत. सर म्हणत, "उत्तर आधी सांगितलं की प्रश्न मरतो. मेलेला प्रश्न मी काय शिकवू?" मला हे वाक्य इतकं आवडायचं की मी ते घरी वहिनीला ऐकवायचो.

आता त्या केसबद्दल लिहायला हवं.

गणपतीच्या आधीचा आठवडा होता. सरांनी नवी केस बनवली होती. केस म्हणजे एका आजारी माणसाची गोष्ट, अर्धीच सांगितलेली. उरलेली माहिती पाच उलट्या पत्त्यांवर. एक पत्ता मागितला की गुण कमी. जितक्या कमी पत्त्यांत आजाराचं कारण सापडेल तितकं चांगलं. सरांनी मला कागद दिला. एक चाळिशीचा माणूस. पायांना मुंग्या येतात, मग बधिर होतात. चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि त्याला कळत नाही.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. दोनच दिवसांपूर्वी दादा एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा असा कामावरून घरी आला होता. वहिनी हसली होती. दादाही हसला होता. म्हणाला, "मांडी घालून बसलो का पाय झोपते व. चप्पल कुठं रायली, कळलंच नाई."

दादा बॅगा बनवायच्या कारखान्यात होता. कारखाना म्हणजे धानोरीच्या रस्त्याला एक लांबट खोली. लॅपटॉपच्या बॅगा. फोमला रेक्झीन चिकटवायचं, ब्रशनं सोल्यूशन लावून. त्या चिकटवायच्या गोंदाला सगळे सोल्यूशनच म्हणतात.

मी पहिला पत्ता मागितला, 'घरची माणसं'. त्यावर लिहिलं होतं, वडिलांना मधुमेह. आमच्या बाबांना साखर होती. शेवटी त्यांच्या टाचेत काटा मोडला तरी त्यांना कळायचं नाही. दुसरा मागितला, 'व्यसन'. काही नाही. दादालाही काही नाही. मला हायसं वाटलं. साखरच. साखर ओळखीची होती. मी चिठ्ठीवर 'साखर' लिहून दिलं. दोनच पत्त्यांत काढलं, याचा मला अभिमानही वाटला.

सर म्हणाले, "कशावरून?"

"वडिलांना होती, म्हणून. आणि पाय तसेच बधिर."

सरांचा हात तिसऱ्या पत्त्यावर गेला. तिथे क्षणभर थांबला. मग परत आला. नियम म्हणजे नियम, मागितल्याशिवाय पत्ता उघडायचा नाही.

मी विचारलं, "सर, हा माणूस बरा होतो का?"

सर खुशीत होते, खेळ चांगला जमला होता. पाकिटावर टिचकी मारून म्हणाले, "ते यात आहे, परीक्षक."

मला एवढंच म्हणायचं होतं, की सर, हा माझा भाऊ आहे. पाचच शब्द. पण मला वाटलं, आपण नोकर माणूस, सर शिकवण्याच्या नादात, त्यात आपलं घरचं रडगाणं कशाला. आणि उत्तर तर मला मिळालंच होतं. मी काचा धुवायला गेलो.

घरी मी चहातली साखर बंद करायला लावली. गूळ लपवला. वहिनी म्हणाली, रक्त तपासून घेऊ. दादा म्हणाला, "आता नाई. दिवाळी होऊ दे." दिवाळीला खराडीतल्या कंपन्या आपल्या माणसांना बॅगा वाटतात. कारखान्याला मोठी मागणी आली होती. दादा सकाळी सातला जायचा, रात्री जेवायला यायचा. मी त्याला फिका चहा द्यायचो आणि मनात म्हणायचो, आपण याची काळजी घेतोय.

वर्गात ती केस होणार होती गणपतीनंतर. पण सत्र परीक्षा आली, मग प्रात्यक्षिकं, मग सुट्टी. दोन महिने ते पाकीट सरांच्या कपाटात होतं. कपाट मी रोज पुसायचो. काचेतून ते दिसायचं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात केस वर्गात आली. मी मागे ओट्याशी होतो. पोरांनी पत्ते मागायला सुरुवात केली. तिसरा पत्ता एका मुलीनं मागितला, 'कामाची जागा'. तिनं मोठ्यानं वाचलं. चपलांचा कारखाना, दिवसभर हातात गोंदाचा ब्रश, खोलीत पंखा आहे, पण बंद ठेवतात. पोरांनी विचारलं, बंद का? सर म्हणाले, "तुम्ही सांगा."

मला माहीत होतं. सर सोडले तर वर्गात मला एकट्यालाच माहीत होतं. दादा उन्हाळ्यात घामेजून यायचा तेव्हा मी विचारलं होतं, तर म्हणाला होता, "पंखा लावला का सोल्यूशन सुकते, चिकटत नाई मंग."

पाकीट फोडलं. एका मुलानं वाचून दाखवलं. गुन्हेगार, गोंद पातळ करायला वापरलेला द्रावक. सहा कार्बनची साधी सरळ साखळी. ती श्वासातून आत जाते. शरीर तिला बाहेर टाकण्यासाठी तिच्यावर ऑक्सिजन चढवतं, दुसऱ्या आणि पाचव्या कार्बनवर, आणि त्यातून जे तयार होतं ते नसा मारतं. म्हणजे शरीर स्वतःला वाचवायला जातं आणि विष बनवतं. उपाय, ते काम त्याच दिवशी थांबवणं. जितका उशीर, तितकं परत येणं कमी.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. केस आवडली होती. माझ्या उघड्या राहिलेल्या नळाचं पाणी ओट्यावरून जमिनीवर आलं तेव्हा सरांनी माझ्याकडे पाहिलं.

वर्ग रिकामा झाल्यावर मी सांगितलं. बहुधा नीट सांगता आलं नाही. सरांनी एकदाही 'कशावरून' विचारलं नाही. सगळं ऐकून घेतलं, मग स्टुलावर बसले.

"तुम्ही साखर लिहिलं होतं," ते म्हणाले.

"हो सर."

"आणि मला ते चूक आहे हे माहीत होतं."

मी म्हणालो, सर, तुम्हाला कुठं माहीत होतं की ते माझ्या घरातलं आहे. सर म्हणाले, "प्रश्न जिवंत ठेवला मी. दोन महिने."

त्याच दिवशी ते स्कूटरवर मला मागे बसवून विश्रांतवाडीला आले. दादा नुकताच आला होता, भिंतीला टेकून बसला होता. सरांनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि पेनच्या टोपणानं एकेका बोटाला स्पर्श करत विचारलं, कुठलं? दादा लाजून हसत उत्तरं देत होता. सगळी चुकत होती. शेवटी तर सरांनी हात मागे घेतला होता, तरी दादा म्हणाला, "आंगठा." वहिनी चहा ठेवायला उठली होती, ती तशीच उभी राहिली.

डॉक्टरांकडे सर बरोबर आले. डॉक्टर म्हणाले, काम आजपासून बंद. बंद केल्यावरही काही महिने आणखी बिघडेल, मग हळूहळू सुधारेल, किती ते सांगता येत नाही. दादानं विचारलं, "मंग मी करू काय?" डॉक्टर दुसऱ्या कागदावर लिहीत होते.

सर कारखान्यातही गेले. मी बाहेर थांबलो. मालक चांगला बोलला, खुर्ची दिली. म्हणाला, साहेब, पंखा लावला की माल सुकतो, आणि बाकीच्या कुणाला काही झालेलं नाही. सरांनी एका कागदावर साखळी काढून त्याला समजावलं. सरकारी कार्यालयात अर्जही दिला. अर्जाची पोच आली. दादाच्या जागी आठ दिवसांत दुसरा माणूस बसला.

डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं, फक्त पहिलं अर्धं. हिवाळाभर बिघडत गेलं. हाताची बोटंही गेली, सदऱ्याची बटणं वहिनी लावायची. चैत्रात दोघं गावी परतले. मी इथे राहिलो, कारण पैसे पाठवणारा कुणीतरी हवा होता.

सरांनी खेळ बंद केले. एकाएकी, कुणाला न सांगता. आता ते फळ्यावर आधी उत्तर लिहायचे, मग प्रश्न, मग म्हणायचे, उतरवून घ्या. पोरांची आधी चुळबूळ झाली, मग बरं वाटलं. प्राचार्य मला जिन्यात म्हणाले, "तुमचे सर एकदाचे लायनीवर आले." फाईल बंद झाली.

मी एकदा धीर करून सरांना म्हणालो, सर, तुमच्या खेळामुळेच तर कळलं. नाहीतर दादा आजही तिथंच बसला असता. हे मी मनापासून म्हणालो, आजही म्हणतो. पुण्यात माझ्या भावाच्या पायाचं बोट हातात धरून बघणारा दुसरा कुणी नव्हता. सर माझ्या नावानं हाक मारून म्हणाले, जा, काचा राहिल्यात. त्यांनी मला 'परीक्षक' म्हणणं त्या केसच्या दिवसापासूनच सोडलं होतं.

दहावीला बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म त्यांनी माझ्यासाठी आणून ठेवला होता. निम्मा भरलेला. तो कपाटातच राहिला, त्यांनीही काढला नाही, मीही मागितला नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. ते गेल्यावर मी उघडलं. सगळी पाकिटं, वीस-बावीस वर्षांची, धारदार पात्यानं नीट फोडलेली होती. आतलं उत्तर बाहेर काढून प्रत्येक केसच्या कागदावर सर्वांत वर चिकटवलेलं. कुणाच्याही हातात कागद पडला तर पहिल्याच ओळीत कळावं, या माणसाला काय झालंय आणि काय थांबवायचं. एकही खेळ आता खेळता येण्यासारखा उरला नव्हता. पत्ते मी खोलीवर आणलेत. कधीकधी त्यांच्या पाठीवरच्या लग्नांच्या चुकलेल्या तारखा वाचत बसतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरांचा फोन येतो. आता त्यांचा आवाज बारीक झालाय. माझी चौकशी, जेवणाची चौकशी, आणि मग ज्यासाठी फोन केलेला असतो ते.

"चप्पल राहते का पायात?"

दादा चप्पल घालतच नाही. नाडीचे बूट घालतो, वहिनी बांधते. भिंत धरून अंगणापर्यंत जातो आणि बाजेवर बसतो. मागच्या वेळी मी गेलो तेव्हा त्याच्या बुटात खडा गेला होता. रात्री बूट काढला तेव्हा मोजा रक्तानं भिजलेला होता, आणि तो मला पुण्यातली खबरबात विचारत होता.

मी म्हणतो, "राहते, सर."

मग थांबतो. मी पुरावा तयार करून ठेवलाय. सांगेन, तो एकटा मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येतो, चढ आहे तरी. सांगेन, परवा जत्रेत गेला आणि दोन्ही चपला घालून परत आला. वहिनीनं पाहिलं, म्हणून सांगेन. पुढचा शब्द इतकी वर्षं ठरलेला आहे.

फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येतो. सर म्हणतात, "बरं," आणि फोन ठेवतात.